कोण गेले, किती उत्पन्न घेऊन गेले? अमेरिकेतील काउंटी आणि आपला जिल्हा

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तो मॅनहॅटनचा भाग सरकारी कागदावर 'न्यूयॉर्क काउंटी' आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिथे दरवर्षी कोण आले, कोण गेले याचा हिशेब केंद्राचे आयकर खाते ठेवते.

पद्धत सोपी आहे. मागच्या आणि यंदाच्या विवरणपत्रावरचा पत्ता ताडून पाहतात. काउंटी बदलली असेल तर स्थलांतर. एक विवरणपत्र म्हणजे साधारण एक कुटुंब, त्यातली माणसे म्हणजे लोकसंख्या आणि सोबत त्यांचे उत्पन्न.

उत्पन्नाचा हा रकाना महत्त्वाचा. समजा, एका काउंटीतून वर्षाला ५ लाख कमावणारी १०० कुटुंबे गेली आणि २ लाख कमावणारी १०० आली. कुटुंबांचा हिशेब शून्य, पण उत्पन्नात ३ कोटींची तूट. नुसती डोकी मोजली तर हे कळतच नाही. कोरोनाकाळात मॅनहॅटन सोडून फ्लोरिडाकडे गेलेल्या श्रीमंतांची चर्चा याच आकड्यांवर झाली. तरी 'एवढा पैसा गेला' ही बातमी जपून वाचावी. माणूस गेला म्हणून त्याची नोकरी गेलीच असे नाही. तो शेजारच्या काउंटीत राहून रोज तिथेच कामाला येत असेल.

या आकड्यांत वंश दिसत नाही. शिवाय जो विवरणपत्रच भरत नाही, तो गरीब किंवा म्हातारा माणूस हिशेबाबाहेर राहतो. दक्षिणेतला वर्णद्वेष आणि दारिद्र्य सोडून १९१० ते १९७० दरम्यान सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले. त्या वाटेचा अर्थ वंशाच्या नोंदीशिवाय लागला नसता.

आपल्याकडे जनगणना मागचे राहण्याचे ठिकाण आणि स्थलांतराचे कारण विचारते, उत्पन्न विचारत नाही. 'गाव सोडा, शहराकडे चला' हे बाबासाहेबांचे सांगणे मानून मुंबई-पुण्याला गेलेल्या आपल्या कुटुंबांची मिळकत किती वाढली, हे आम्हाला कोणत्याच जिल्ह्याच्या तक्त्यात सापडत नाही.

आता फेब्रुवारी २०२७ मध्ये लोकसंख्येची मोजणी होणार आहे आणि यावेळी जातीचीही नोंद आहे. पण तेव्हा बीडची ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या फडावर असतील. मोजणीच्या पूर्ण काळात घरी नसलेल्याची नोंद तो सापडेल तिथे करायची, असा जनगणनेचा नियम आहे. म्हणजे प्रगणक पालावर पोचला नाही, तर ते कुटुंब गावातही नाही आणि फडावरही नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी दिवाळीपूर्वीच, टोळ्या निघण्याआधी, वस्तीत याद्या कराव्यात: कोण, किती जण, कोणत्या कारखान्याला आणि मुकादमाचा फोन नंबर.