सीमापार भरणा आणि परदेशी कंपन्या

हाली आणि कलदार

नांदूरघाट हे गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तो 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात हाली रुपया चाले. लगतच्या अहमदनगर जिल्ह्यात इंग्रजांचा कलदार. 7 हालींना 6 कलदार असा दर होता, म्हणजे 700 हालींच्या मालाचे 600 कलदार. त्यावर सराफाचा बट्टा (नाणे बदलून देण्याची कपात) आणि हुंडणावळ (हुंडीचे शुल्क) वेगळी. संस्थान भारतात विलीन झाल्यावरही काही वर्षे दोन्ही नाणी चालली. हाली कायमचा बाद झाला तो 1959 मध्ये.

बँकांची साखळी

दोन देशांमधल्या व्यवहारात हाच खर्च आजही शिल्लक आहे. 1973 मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली स्विफ्ट ही संस्था केवळ बँकांचे संदेश पोहोचवते. पैसा मात्र परस्परांकडे खाती असलेल्या बँकांमधून टप्प्याटप्प्याने सरकतो आणि प्रत्येक टप्प्यावर शुल्क, छाननी व वेळ लागतो. लहान रकमांना हा भार सर्वाधिक जाचतो.

जोडणी

हा भार कमी करण्यासाठी एकीकृत प्रणालीत दोन देशांच्या तत्काळ भरणा यंत्रणा थेट जोडल्या जातात. भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पेनाऊ 21 फेब्रुवारी 2023 रोजी अशा जोडल्या गेल्या. मात्र प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र करार केल्यास 5 देशांना 10 जोडण्या लागतात. सामाईक केंद्र असल्यास 5 पुरतात. ‘नेक्सस’ प्रकल्पामागे हाच विचार आहे. भारत, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड त्यात सहभागी आहेत.

विक्रेत्याचा लाभ, मध्यस्थाची हानी

रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2023 रोजी सीमापार पेमेंट ॲग्रिगेटरसाठी, म्हणजे ग्राहकांचे पैसे गोळा करून विक्रेत्यांकडे पोहोचवणाऱ्या कंपन्यांसाठी, नियम केले. नांदूरघाटच्या विद्यार्थ्याने परदेशी कंपनीचे सॉफ्टवेअर अशा ॲग्रिगेटरमार्फत यूपीआयने घेतले, तर त्याचे रुपये भारतातील बँकेच्या संकलन खात्यात जमा होतात आणि तेथून परकीय चलनात कंपनीकडे जातात. क्रेडिट कार्ड नसलेला ग्राहकही त्यामुळे कंपनीच्या आवाक्यात येतो. कार्ड कंपन्यांची बाजू उलट आहे. जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून केलेल्या देशांतर्गत यूपीआय भरण्यावर व्यापाऱ्याला शुल्क नाही, आणि याच शुल्कावर कार्डांचा धंदा उभा आहे.

यजमान देशाचे नियम

मार्ग एक झाला, तरी कायदे वेगळेच राहतात. भारतातील भरण्याची माहिती भारतातच साठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश एप्रिल 2018 चा आहे. तो न पाळल्यामुळे जुलै 2021 मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. ती जून 2022 मध्ये उठली. नियमपालनाचा हा खर्च मोठ्या कंपनीला पेलतो, लहान कंपनीला तो प्रवेशाआधीच अडवतो.

रकमेची मर्यादा

सिंगापूरची जोडणी सुरू झाली ती व्यक्तींनी व्यक्तींना पैसे पाठवण्यासाठी, दिवसाला 60,000 रुपयांपर्यंत. ॲग्रिगेटरसाठीच्या 2023 च्या नियमांनी एका नगाला 25 लाख रुपयांची मर्यादा घातली. विनिमय दराची जोखीमही कायम राहते: दर ठरणे आणि पैसे हाती येणे यांत महिना गेला, तर मधला चढउतार कोणी सोसायचा हे करारातच लिहावे लागते. मराठवाड्यातील कापसाच्या गाठी परदेशी जातात, तेव्हा मोठ्या सौद्यात माल रवाना झाल्याची कागदपत्रे पाहूनच पैसे सोडणारी बँकेची एलसी (पतपत्र) अजूनही उपयोगी पडते. तत्काळ भरण्यात पैसा लगेच पोहोचतो; माल ठरल्याप्रमाणे निघाला की नाही, हे ती यंत्रणा तपासत नाही.