लेखांक ९ : येऊरला नको

या आठवड्यात दिव्यांविषयी लिहायचं कबूल केलं होतं. अतिनील किरणांचा दिवा कोणता घ्यावा, किती उंचीवर टांगावा, किती महिन्यांनी बदलावा, हे सगळं यायचं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. ठाण्याहून आलेल्या एका पत्राला आधी उत्तर द्यायला हवं, कारण त्या पत्रातला बेत महिन्याभरात अमलात यायचा आहे.

पत्र एका आईचं आहे. मुलाच्या हट्टापायी पाच वर्षांपूर्वी घरात हिरवा इग्वाना आला. तेव्हा तो शेपटीसकट वीतभर होता आणि मुलाच्या खांद्यावर बसून जास्वंदीची फुलं खायचा. आता तो पाच फूट आहे. मुलगा शिकायला परगावी गेला. हिवाळ्यापासून जनावराचं वागणं पालटलं. अंगावर नारिंगी झाक आली. कुणी समोर दिसलं की तो मान वरखाली करतो, गळ्याखालची झालर ताणतो. मध्यंतरी पाणी बदलताना शेपटीचा असा फटका बसला की मनगटावर वळ उठला. कोंडून राहून तो कंटाळला असणार, असं घरच्यांना वाटतं. पाऊस सुरू झाला की येऊरच्या जंगलात पाल्याला तोटा नाही. तिथे सोडला तर सुखाने राहील ना, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी जनावराची बाजू. तो कंटाळलेला नाही, वयात आलेला आहे. नारिंगी झाक, मान डोलावणं, मांड्यांच्या आतल्या बाजूच्या छिद्रांतून येणारा मेणासारखा स्राव ही नराच्या विणीच्या हंगामाची लक्षणं आहेत. घरातली माणसं त्याला त्या काळात प्रतिस्पर्धी वाटतात. काचेतलं स्वतःचं प्रतिबिंबसुद्धा वाटतं. हंगाम काही आठवडे, कधी काही महिने चालतो आणि उतरतो. तोवर समोरचा आरसा हलवावा, काचेला बाहेरून कागद लावावा, पिंजऱ्यात हात वरून घालू नये (वरून येतो तो शिकारी पक्षी, हे त्याच्या रक्तात आहे), आणि पाणी बदलताना मध्ये जाड टॉवेल धरावा. इतक्या उपायांनी बहुतेक घरं हा काळ निभावून नेतात.

आता येऊर.

कॅरिबियन समुद्रात ग्रँड केमन नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १९६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढी जागा होते तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. या बेटाचा स्वतःचा एक इग्वाना आहे, निळा. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या १९३८ सालच्या मोहिमेत बर्नार्ड लुईस यांनी त्याचे नमुने मिळवले, १९४० साली चॅपमन ग्रँट यांनी शास्त्रीय वर्णन केलं, आणि प्रजातीच्या नावात लुईस कायमचे राहिले. जगात दुसरीकडे कुठेही हा प्राणी रानात आढळत नाही. तो जमिनीवर वावरतो, खडकांच्या कपारीत झोपतो आणि उन्हात आला की त्याचं राखाडी अंग खरोखर आकाशासारखं निळं होतं.

मोटारी, मोकाट कुत्री, मांजरं आणि घरबांधणी यांनी त्याला संपवत आणलं. २००२ सालच्या पाहणीत रानात पंचवीसहून अधिक निळे इग्वाना उरले नसावेत असा अंदाज निघाला. तिथल्या नॅशनल ट्रस्टने १९९० सालीच त्यांच्या पैदाशीचा कार्यक्रम हाती घेतला होता आणि फ्रेड बर्टन यांनी तो वर्षानुवर्षं नेटाने चालवला. क्वीन एलिझाबेथ बोटॅनिक पार्कमध्ये अंडी उबवायची, पिल्लं मांजराला दाद देणार नाहीत इतकी मोठी करायची आणि मग राखीव रानात सोडायची. प्रत्येकाच्या मानेवरच्या तुऱ्यात रंगीत मणी ओवलेले असतात. मण्यांचे रंग आणि क्रम दुर्बिणीतून पाहिले की कोणतं जनावर हे दुरूनच कळतं. २०१२ साली ही प्रजाती ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून एक पायरी वर, ‘संकटग्रस्त’ वर्गात आली. २०१८ साली एक हजारावा निळा इग्वाना रानात सोडला गेला.

त्याच २०१८ सालच्या ऑक्टोबरात, त्याच बेटावर, सरकारने हिरव्या इग्वानांची कत्तल सुरू केली. मारेकऱ्यांना नगामागे सुमारे पाच केमन डॉलर मिळत होते आणि कलेवरं ट्रकांनी कचरा डेपोवर जात होती. दोन वर्षांत दहा लाखांहून अधिक हिरवे इग्वाना मारले गेले.

दहा लाख! हे बेट हिरव्यांचं नव्हतंच. ते तिथे आले पाळीव प्राणी म्हणून. काही सुटले, काही सोडले गेले. मादी एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते, बेटावर त्यांना आवरणारं फारसं कुणी नव्हतं. बागा, फळझाडं, पक्ष्यांची घरटी, रस्ते, सगळीकडे ते झाले. २०१५ साली निळ्या इग्वानांमध्ये हेलिकोबॅक्टर गटातल्या एका जिवाणूचा जीवघेणा आजार दिसला, तेव्हाही संशय हिरव्या पाहुण्यांवरच गेला. शेजारच्या लिटल केमन बेटावर तर हिरवा इग्वाना आणि तिथला स्थानिक रॉक इग्वाना यांची संकरित पिल्लं सापडली. एकाच कुळातल्या पण दोन वेगळ्या वंशांतल्या प्राण्यांचा असा संकर होईल, अशी अपेक्षा कुणी केली नव्हती.

ज्या मारेकऱ्यांनी हे काम केलं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आणि हिरव्या इग्वानांना तर मुळीच नाही. ती कत्तल ज्या दिवशी ठरली तो दिवस अनेक वर्षं मागे होता, कुणीतरी पिशवीचं तोंड उघडलं तेव्हाचा.

इग्वाना पाला खाणारा, त्याने कुणाचं काय बिघडणार, असं पत्रात पुढे म्हटलं आहे. इथे थोडं आडवळण घ्यावंच लागेल, कारण या प्रश्नाचं उत्तर मराठी घरातल्या एका जुन्या डब्यात आहे. सागरगोटे आठवतात? राखाडी, गुळगुळीत, दगडासारख्या कठीण बिया, मुली त्या वर उडवून झेलायच्या. कोकणच्या किनाऱ्यावर सागरगोट्याच्या काटेरी जाळ्या आहेत. बिया समुद्रावर तरंगत दूरवर जातात, त्यामुळे हीच वनस्पती फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरही वाढते. तिथे मायामी ब्लू नावाचं नखाएवढं फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं आणि त्याच्या अळ्या तिची कोवळी पालवी खातात. बाहिया होंडा या बेटावर त्याची एक मोजकी वसाहत उरली होती. तिथे हिरवे इग्वाना पोचले आणि त्यांनी सागरगोट्याची तीच पालवी ओरबाडली. त्यात २०१० च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. त्या वर्षात बाहिया होंडावरची मायामी ब्लूची ती वसाहत नाहीशी झाली. इग्वानाने एकही फुलपाखरू खाल्लं नव्हतं.

फ्लोरिडाची थंडी इग्वानांनाही सोसत नाही. २०२० च्या जानेवारीत तिथल्या हवामान खात्याने गारठलेले इग्वाना झाडांवरून खाली पडतील, सांभाळा, असा इशारा लोकांना दिला होता. म्हणजे तिथे निसर्गाचा अधूनमधून तरी लगाम आहे. ठाणे, रायगड, रत्नागिरी, गोवा इथे तोही नाही. दमट हवा, बारा महिने पाला, नदीकाठची मऊ माती अंडी पुरायला. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ज्या रानांत हा प्राणी घडला, त्यांच्याशी आपली किनारपट्टी फार जुळते. आशियात हे होणार नाही असंही नाही. तैवानच्या दक्षिण भागात पाळीव इग्वानांची रानटी प्रजा झाली आहे आणि तिथे दरवर्षी त्यांना हजारोंनी मारावं लागतं.

एकटा नर पिल्लं कशी घालणार, असा युक्तिवाद कुणी करील. बरोबर आहे, एकट्याने होत नाही. पण येऊरला पिशवी घेऊन जाणारं घर एकच असेल याची खात्री कोण देणार? लाल कानाच्या कासवाचं तेच झालं. मत्स्यालयाच्या दुकानातून रुपयाएवढं आणलं, ताटाएवढं झालं, तळ्यात सोडलं. प्रत्येकाने एकच सोडलं होतं. २०१८ साली ती केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यात सापडली आणि गुवाहाटीत उग्रतारा मंदिराच्या पुष्करिणीतही.

आणि तो तिथे फोफावला नाही तर? मग तो मरेल, आणि सहज मरणार नाही. पाच वर्षं भोपळा, शेवग्याचा पाला, जास्वंद ताटलीत मिळालेल्या जनावराला रानातला विषारी पाला कोणता हे ठाऊक नाही, कुत्र्यापासून पळणं ठाऊक नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो घोरपडच वाटणार. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही तेलासाठी आणि मांसासाठी आजही मारली जाते. माणसाला न भिणारी पाच फुटांची ‘घोरपड’ किती दिवस टिकेल?

प्रस्तुत लेखकाच्या मते पाळलेला इग्वाना रानात सोडणं हे कुठल्याही परिस्थितीत चूकच आहे. त्याला अपवाद नाही, वय, लिंग, ऋतू, जंगल काहीही असो.

मग घरच्यांनी करायचं काय? पहिलं, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवावं. दुसरं, पिंजरा मोजावा. पत्रातल्या वर्णनावरून तो चार फूट उंचीचा, पिल्लूपणीचाच दिसतो. पूर्ण वाढलेल्या नराला किमान सहा फूट उंची, तितकीच लांबी आणि चढायला आडव्या जाड फांद्या हव्यात. बाल्कनीच्या एका बाजूला जाळी मारून अशी जागा ठाण्याच्या अनेक घरांत करता येते. तिसरं, ठेवणं खरंच अशक्य असेल तर जाणत्या पाळणाऱ्याकडे रीतसर द्यावा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात परदेशी प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद आली आहे. जनावर दुसऱ्याच्या हाती गेलं, पिल्लं झाली, दगावलं, तर तेही कळवावं लागतं. परिवेश संकेतस्थळावरची ती नोंदणी हा दिव्यांनंतरच्या लेखाचा विषय आहे. तोवर अडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारावं.

वयाचा हिशेबही पक्का धरावा. ग्रँड केमनवर १९५० साली पकडलेला ‘गॉडझिला’ नावाचा निळा इग्वाना २००४ साली टेक्सासमधल्या प्राणिसंग्रहालयात मरण पावला, तेव्हा त्याचं वय अंदाजे ६९ होतं. हिरवा इतका जगत नाही, पण नीट सांभाळला तर पंधरा ते वीस वर्षं जगतो. ठाण्याचा इग्वाना पाच वर्षांचा आहे. बाल्कनीची जाळी पावसाआधी बसवून घ्यावी आणि माप पाठवावं, दिवा कुठे टांगायचा ते पुढच्या आठवड्यात त्या मापावरच सांगता येईल.