मासळीच्या जुन्या गाडीचा वैरी वय नव्हे, मीठ



१ जूनला बंदी लागते, बोटी वर ओढल्या जातात, खलाशी गावाला जातात. मग अंगणात ताडपत्रीखाली पडून असलेल्या गाडीकडे घरच्यांचं लक्ष जातं. दरवर्षी याच दिवसांत आम्हाला एकच प्रश्न ऐकू येतो. "जुनी ४०७ पडून आहे. भंगारात देऊ, की घरीच उभी करू?"

आमचं उत्तर असं आहे. गाडी किती जुनी आहे ते नंतर बघा, मीठ कुठवर पोचलंय ते आधी बघा. चेसिस शाबूत असेल तर पंधरा-अठरा वर्षांची गाडीही उभी राहते. चेसिस खाल्ली गेली असेल तर आठ वर्षांची गाडीही सोडून द्यावी. आणि पैसे खर्च करायचे ठरलेच, तर रंगावर सगळ्यात शेवटी करा.

"पंधरा वर्षं झाली की भंगार" ही अफवा

१३ ऑगस्ट २०२१ ला गांधीनगरच्या कार्यक्रमात वाहन भंगार धोरण जाहीर झालं. तेव्हापासून ही अफवा फिरते आहे. खरी गोष्ट अशी, की गाडी पासिंगला (फिटनेसला) उतरते की नाही यावर तिचं पुढचं ठरतं. माल वाहणाऱ्या गाडीचं पासिंग पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी बंद झाली ती सरकारी मालकीच्या गाड्यांची. दिल्लीतला १० वर्षांचा डिझेल नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा आहे, सुरतेचा नाही.

मात्र १५ वर्षांनंतर पासिंगची फी चांगलीच वाढते. म्हणून कामाला हात घालण्याआधी आरटीओत जाऊन आजची फी विचारा आणि ती खर्चाच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहा.

जुन्या गाडीची एक जमेची बाजू

आपण माल वाहणाऱ्या छोट्या गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो. तो शब्द मूळच्या जर्मन टेम्पो कंपनीचा. तिच्याशी करार करून बजाज टेम्पो सुरू झाली, आणि तिच्या मॅटाडोरमधून कितीतरी वर्षं मासळी वाहिली गेली. १९८६ मध्ये टाटाची ४०७ आली. त्या वेळी बाजारात जपानी भागीदारीच्या नव्या गाड्या उतरल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर ४०७ टिकली. पुढे महिंद्राच्या पिकअप आल्या.

या जुन्या गाड्यांचा पंप साधा, वायरिंग थोडं आणि संगणक नाही. डिझेल बोटीचं इंजिन ज्याला कळतं त्याला या गाडीचं निम्मं काम कळतं. नोझल, डिझेल फिल्टर, पाण्याचा पंप, बेल्ट या गोष्टी आपल्या पोरांच्या हाताखालच्या आहेत. म्हणूनच घरी काम करणं शक्य होतं.

मीठ नेमकं काय करतं

बर्फ गोड्या पाण्याचा असतो, पण मासळीबरोबर समुद्राचं पाणी येतं. बर्फ वितळला की ते खारट पाणी, रक्त आणि चिकटा हौद्याच्या फळ्यांमधून खाली गळतो आणि थेट चेसिसवर बसतो. वरचं पाणी सुकतं, मीठ मागे राहतं.

मिठाची खोड अशी की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात सुरतेची हवा त्याच्या वर असते. म्हणजे ताडपत्रीखाली, पावसाचा थेंब न लागता उभी असलेली गाडीही आतून ओलीच राहते आणि गंजत राहते. "गाडी तर दोन वर्षं फिरलीच नाही, मग गंजली कशी?" याचं उत्तर हे आहे.

दुसरी गोष्ट धुण्याची. सिंगणपोरच्या कॉजवेखाली तापीत भरतीचं पाणी येतं. मगदल्ला, डुमस, हजिरा या बाजूला खाडीच्या पाण्याने गाडी धुतली की ती स्वच्छ दिसते, पण मीठ वाढतं. धुवायची तर नळाच्या किंवा बोअरच्या गोड्या पाण्याने. बोअरचं पाणी खारं लागत असेल तर तेही नको.

बरेच बोटमालक विचारतात, की बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा लावतो तसा चेसिसला लावला तर? उपयोग नाही. जस्त लोखंडाऐवजी स्वतः झिजतं, पण त्यासाठी दोघं एकाच पाण्यात बुडालेले लागतात. गाडी पाण्यात नसते, त्यामुळे ठोकळा त्याच्या आजूबाजूची वीतभर जागाही वाचवत नाही. जस्ताचा प्रायमर पत्र्यावर सगळीकडे चिकटून बसतो, त्याचा मात्र उपयोग होतो.

आधी हातोडी, मग निर्णय

एक छोटी हातोडी, टॉर्च आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या. गाडीखाली जाण्याआधी चाकांखाली लाकडी ठोकळे आणि चेसिसखाली भक्कम घोड्या लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, घाईतही नाही.

चेसिसवर हातोडी हलकेच मारत चला. टणटण आवाज आला तर लोखंड आहे. भद्द आवाज आला, पापुद्रे पडले किंवा स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर तिथे लोखंड उरलेलं नाही. पाच जागा नीट बघा:

१. मागच्या पाट्यांची टोकं जिथे चेसिसला धरलेली असतात.
२. हौदा चेसिसवर टेकतो ती जागा. इथे लाकूड ओलं राहतं आणि गंज दिसत नाही.
३. आडव्या पट्ट्यांची आतली बाजू. इथे गाळ साठतो.
४. केबिनची जमीन, ड्रायव्हरच्या पायाखाली.
५. मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे पाइप.

२००६ च्या आधीची सुरतेची गाडी असेल तर तिसरी जागा दोनदा बघा. त्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. आत बसलेला गाळ कुणी काढलाच नसेल तर तो आजही ओल धरतो.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर तिने कुठला माल वाहिला ते विचारा. उकाईची गोड्या पाण्याची मासळी किंवा भाजी वाहिलेली गाडी आणि समुद्राची मासळी वाहिलेली गाडी, दोघींचं वय सारखं असलं तरी आयुष्य सारखं नसतं.

गंज वरवरचा असेल तर काम घरी होईल. एखाद्या पट्टीला भोक असेल तर जाणत्या वेल्डरकडे जा. मुख्य चेसिसला पाट्यांच्या जागी तडा किंवा भोक असेल तर ती गाडी उभी करू नका. पत्रा ठोकून वर रंग मारलेली अशी चेसिस दोन टन मासळीखाली हायवेवर वाकते, आणि तेव्हा केबिनमध्ये आपलाच मुलगा किंवा भाचा असतो.

कागद हौद्याइतकेच महत्त्वाचे

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवून बघा. बँकेचा बोजा उतरलाय का, कर आणि चलान बाकी आहेत का, ते बघा. धुळे, नंदुरबार किंवा वसईची एमएच गाडी इकडे आणायची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते. हौदा काढून बर्फाची बंद पेटी बसवायची असेल तर तो बदल आरटीओच्या मंजुरीने आरसीवर चढवावा लागतो.

आणि महत्त्वाचं: चेसिसवर जिथे नंबर ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर लावू नका. तेवढी जागा हाताने साफ करून ग्रीस लावून ठेवा. घासून पुसट झालेला नंबर पासिंगला मोठी डोकेदुखी होतो.

घरी कामाचा क्रम

पहिलं, धुणं. हौद्याच्या फळ्या काढा. चेसिस आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, दोन दिवस सुकवा, पुन्हा धुवा. तारेच्या ब्रशने गंज निघतो, मीठ निघत नाही. ते फक्त पाण्यानेच निघतं. मीठ ठेवून वर रंग मारला तर काही महिन्यांत फोड येतात.

दुसरं, ब्रेक. मागचे लोखंडी पाइप गंजलेले दिसले तर पॉलिश करून परत बसवू नका, नवेच टाका. रबरी होज, व्हील सिलेंडरची किट आणि ब्रेक ऑइल बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे पडून राहिलेल्या गाडीतलं जुनं ऑइल भरवशाचं नसतं. पाइप आपण उघडले तरी जोडणी आणि एअर काढणं अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्या.

तिसरं, डिझेल. टाकी खाली उतरवून तळाचं पाणी आणि गाळ काढा. बोटीच्या टाकीत होतं तेच इथेही होतं. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीतही वाफ असते, म्हणून टाकीला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावू नये.

चौथं, इंजिन. वर्षभर बंद असलेल्या इंजिनला थेट सेल मारू नका. आधी ऑइलची काडी बघा. ऑइल ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय, तिथेच थांबा. ऑइल चांगलं असेल तरी ते आणि फिल्टर बदला, मग इंजिन हाताने फिरवून बघा. मोकळं फिरलं तरच स्टार्टर.

पाचवं, पाटे आणि वायरिंग. पाट्याच्या पिना, यू-बोल्ट, जॉइंटचं ग्रीस बघा. दिव्यांच्या अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत करा. मासळीच्या गाडीचे मागचे दिवे बंद पडतात ते बहुतेक वेळा बल्ब गेल्यामुळे नाही, तर अर्थ गंजल्यामुळे. कुठेही वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या वायरी काढा.

शेवटी प्रायमर आणि रंग. गंज घासताना डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. हवेत ८५ टक्क्यांच्या वर ओल असताना रंग मारू नये हा रंगकामाचा साधा नियम आहे. म्हणून भर पावसात रंगाचं काम काढू नका. पावसाळ्यात ब्रेक, इंजिन, वायरिंग उरका. घासून उघडा केलेला भाग उघड्या दिवशी, सुका असतानाच प्रायमरने झाका. बाहेरचा रंग उन्हं पडल्यावर.

चेसिसला जळकं ऑइल फासण्याची जुनी सवय सोडा. ते रबरी बुश फुगवतं, ब्रेकवर उडालं तर ब्रेक धरत नाही, आणि पहिल्या पावसात उरलेलं आपल्याच खाडीत जातं.

परत गंजू नये म्हणून

हौद्यात पाणी एका जागी जमेल असा उतार ठेवा आणि तिथून नळी थेट चेसिसच्या खाली, चाकं आणि ब्रेकपासून लांब काढा. नळीला कॉक लावून भांडं ठेवा, म्हणजे रस्त्यावर पाणी सांडणार नाही आणि लोक नाक मुरडणार नाहीत. फळ्यांवर सलग अस्तर असेल तर आणखी चांगलं. रोजच्या खेपेनंतर दहा मिनिटं गोडं पाणी, तेही खालून. बोट किनाऱ्याला लागली की आपण डेक धुतो, तशीच ही सवय.

हिशेब घरात बसून करा

वहीत चार रकाने आखा: चेसिस आणि वेल्डिंग, ब्रेक-टायर-इंजिन, कागद आणि पासिंग, रंग. प्रत्येकाचा भाव दोन ठिकाणी विचारा. बंदीच्या दिवसांत घरात आवक नसते, त्यामुळे हा हिशेब एकट्या पुरुषाने गॅरेजमध्ये उभं राहून करू नये. मासळीचा गल्ला ज्यांच्या हातात असतो त्या घरच्या बायकांसमोर तो मांडा. भाड्याच्या गाडीला हंगामात किती जातात ते त्यांना तोंडपाठ असतं. पहिल्या तीन रकान्यांची बेरीज एका हंगामाच्या भाड्यात भरून निघत असेल तर गाडी उभी करा.

निघत नसेल तर मन घट्ट करा. मात्र गाडी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नुसती तोडायला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि तिथून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्या. त्यावर माल वाहणाऱ्या नव्या गाडीच्या रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. शिवाय आरसी रीतसर रद्द होते. नाहीतर तुमच्या नावाची चेसिस कुठे, कशासाठी फिरतेय ते तुम्हाला कळणारही नाही.

या आठवड्यात एवढं करा

ज्यांची गाडी आज चालू आहे त्यांनीही एक काम करावं. चाकांखाली ठोकळे लावा आणि टॉर्च घेऊन मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे पाइप बघा. बोटाला पापुद्रे लागले तर ते बदलल्याशिवाय बर्फ भरू नका. पहाटे तीनला उतारावर ब्रेक गेला तर मासळीचा भाव, हप्ता, पासिंग, सगळंच मागे पडतं. बोटीवर जाणाऱ्याची वाट घरी सगळे बघतात. बंदरातून मासळी घेऊन निघालेल्या ड्रायव्हरचीही वाट कुणीतरी बघत असतं.

कुणाला गाडी दाखवायची असेल, कागद तपासून घ्यायचे असतील तर कार्यालयाच्या वेळेत या. येताना आरसी आणि खर्चाची वही बरोबर आणा.

आपला,
सचिव