काढलेल्या इंजिनाची जागा

इंजिन काढायला अर्धा तास पुरतो. इंधनाची नळी सोडवायची, धुराच्या पाइपची स्प्रिंग काढायची, चेसिसच्या पोटाकडून चार स्क्रू उलटे फिरवायचे, की साडेतीन सीसीचं तेलकट इंजिन तळहातावर येतं. त्या जागी विजेची मोटर बसवायला एक रविवार लागतो. मोटर बसल्यावर गाडीत काय काय मोडतं, त्याचा हिशोब मात्र वर्षभर चालू राहतो.

संपादकांना हवं होतं वेगळंच. 'अमेरिकेतली मराठी माणसं शनिवार-रविवारी काय करतात, त्यावर पाठवा' असा निरोप होता, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा मंडळाचं नाटक असावं. मला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मातीच्या ट्रॅकवर एक सांगलीकर भेटले. पाणी मारून दाबलेली चिकणमाती, मधे उंचवटे, कडेला रिमोट घेऊन उभं राहायची माची आणि मागे पत्र्याखाली टेबलांची रांग. त्यातल्या एका टेबलावर टॉवेल अंथरून हे गृहस्थ ट्रक उलटा करून बसले होते. पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. कॉलेजात असताना पिथमपूरच्या बाहा स्पर्धेसाठी मित्रांबरोबर नळ्या वेल्ड करून मातीतली गाडी बनवली होती; ती खोड इथे आठव्या हिश्श्याच्या मापात उतरली. "नाव तेवढं छापू नका साहेब," ते म्हणाले, "ऑफिसात मला शहाणा समजतात."

रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या या छंदाचा लिखित इतिहास थोडक्यात आटोपतो. तामिया या जपानी कंपनीने 1979 साली 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' काढल्या, तेव्हा त्या अंगणात पळवायच्या गाड्या होत्या. लोकांनी त्यांच्या शर्यती लावल्या. 1984 साली कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेडने शर्यतीसाठीच आखलेली 'आरसी-टेन' आणली आणि पुढच्याच वर्षी विजेवरच्या ऑफ-रोड गाड्यांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद तिने मागच्या चाकांच्या ओढीच्या गटात जिंकलं. ट्रक मागाहून आले. 2008 साली टेक्सासच्या ट्रॅक्ससने 'स्लॅश' काढला, वाळवंटातल्या खऱ्या रेस ट्रकची एक-दशांश प्रतिकृती, आणि क्लबाक्लबात अशा ट्रकांचा वेगळा गट उभा राहिला.

म्हणजे वीज या खेळात पहिल्यापासून होती, पण लहान मापात. निकेल-कॅडमियमच्या सहा सेलांचा पॅक 7.2 व्होल्टचा, आणि शर्यतीच्या वेगाने चार-पाच मिनिटांत रिकामा. एक-अष्टमांश मापाचे जड ट्रक आणि बग्ग्या त्यामुळे 'नायट्रो'कडे राहिल्या. मिथेनॉल, त्यात वीस-तीस टक्के नायट्रोमिथेन आणि वंगण तेल, असं ते इंधन. टाकी भरली की आठ-दहा मिनिटं धाव, मग पिटमध्ये दोन सेकंद थांबून पिचकारीने पुन्हा भरणं. या मापाच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना तासभर चालतो तो या पिचकारीच्या जोरावर.

लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रश नसलेल्या मोटरी स्वस्त झाल्या, तेव्हा या जड गाड्यांवर पहिला हात टाकला तो घरच्या गॅरेजमधल्या लोकांनी. कासल क्रिएशन्ससारख्या कंपन्यांचे मोठे स्पीड कंट्रोलर बाजारात आले, टेक्नो नावाच्या कंपनीने रूपांतराचे किट विकायला सुरुवात केली. आमच्या सांगलीकरांनी तेव्हाच एक जुना नायट्रो ट्रक कवडीमोलाने घेतला. असे ट्रक स्वस्तात मिळतात, कारण इंजिनाची ट्यूनिंग न जमलेला माणूस तिसऱ्या महिन्यात वैतागून तो विकायला काढतो.

इंजिनाबरोबर टाकी जाते, क्लच जातो, थ्रॉटल आणि ब्रेक ओढणारा सर्व्हो जातो. स्टिअरिंगचा सर्व्हो राहतो. ब्रेकचं काम मोटरच करते. उरलेल्या जागेत एका अंगाला बॅटरीचा ट्रे, दुसऱ्या अंगाला मोटर आणि कंट्रोलर. दोन्हीकडचं वजन तराजूवर सारखं येईपर्यंत ट्रे मिलिमीटरने सरकवत राहायचं. एक फायदा आयता मिळतो: टाकी रिकामी होत जाते तसं नायट्रो गाडीचं वजन बदलतं, बॅटरीचं बदलत नाही.

मग ते मोटर बसवायला लागले, आणि मी स्टूल जवळ ओढलं. मोटरच्या दांड्याला एका बाजूने सपाट खाच असते. तिथलं तेल स्पिरिटने पुसून, पिनियनचा, म्हणजे दांड्यावरच्या छोट्या गिअरचा, ग्रब स्क्रू थ्रेडलॉक लावून बरोबर त्या खाचेवर आवळला. माझ्या वहीचं एक पान मागितलं, त्याची बोटभर पट्टी फाडली आणि पिनियन व मोठ्या स्पर गिअरच्या दातांमध्ये सरकवली. मोटर अंगठ्याने दाबून धरली, दोन स्क्रू आवळले, गिअर फिरवून पट्टी बाहेर काढली. कागदावर दातांच्या घड्या उमटल्या होत्या, कागद फाटला नव्हता. तेवढी फट हवी. कागद फाटला तर दात घट्ट बसलेत, मोटर तापणार. घडी पुसट आली तर दात खाल्ले जाणार. एवढ्यावर ते थांबले नाहीत. स्पर गिअर पूर्ण गोल फिरवत राहिले, कारण कोणताच गिअर शंभर टक्के गोल नसतो. जिथे घट्ट लागतो तिथे मोजायचं. एका जागी हाताला अडलं. स्क्रू सैल, पुन्हा कागद.

मोटरची निवड साध्या गुणाकाराने होते. तिच्यावर 'केव्ही' आकडा असतो: एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. दोन हजार केव्हीची मोटर आणि चार सेलांची 14.8 व्होल्टची बॅटरी, म्हणजे सुमारे 29,600 फेरे. काढलेलं इंजिनही साधारण याच घरात फिरत होतं. पुढे चौदा दातांचा पिनियन, सेहेचाळीसचा स्पर, डिफरन्शिअलमध्ये आणखी 4.3ची घट. चौदा सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला ताशी पंचावन्न किलोमीटर मिळतात. पिनियनला एक दात वाढवला की एकोणसाठ.

हिशोबात जे येत नाही ते जमिनीवर कळतं. इंजिनाला जोर यायला फेरे चढावे लागतात, आणि मधला क्लच घसरून धक्का गिळतो. मोटर शून्यातून पूर्ण जोर देते, मधे घसरणारं काही नसतं. धक्का सरळ पुढच्या भागाकडे जातो. सांगलीकरांच्या ट्रकमध्ये आधी प्लॅस्टिकच्या स्परचे दात गेले. त्यांनी पोलादी स्पर लावला, तर मधला दांडा पिळला. दांडा जाड केला, तर मागच्या डिफरन्शिअलचे दात उडाले. "आपण गाडी मजबूत करत नसतो," ते म्हणाले. "मोडायची जागा मागे ढकलत असतो."

या सगळ्याच्या मधोमध बसलेला भाग मला सर्वांत हट्टी वाटला: मधला डिफरन्शिअल. पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर वाटणारी ही सुपारीएवढ्या गिअरांची डबी. ट्रकने उसळी घेतली की पुढची चाकं हलकी होतात, आणि जोर नेहमी सोपी वाट धरतो. सगळा पुढे जाऊन हवेत वाया जातो. तो अडवायला डबीत सिलिकॉन तेल भरतात. नायट्रोवर सात हजार सेंटिस्टोकचं तेल चालत होतं, घट्ट काकवीसारखं. मोटर लावल्यावर तेच तेल पातळ पडलं. दहा हजार भरलं तर सरळ रेषेत ट्रक सुटला, वळणावर आडवा जायला लागला. पंधरा हजारावर मागचं चाक सुटायचं. शेवटी दहा हजारावर परत येऊन त्यांनी कंट्रोलरमधला सुरुवातीचा जोर कमी केला. म्हणजे जी तडफ मिळावी म्हणून इंजिन काढलं, तीच थोडी बांधून ठेवावी लागली.

हवेत मात्र ती तडफ पूर्ण कामाला येते. उडी घेतल्यावर थ्रॉटल दिला की चाकं पुढे जोरात फिरतात आणि त्याच्या उलट, ट्रकचं नाक वर येतं. ब्रेक दाबला की खाली. मोटर हे तत्क्षणी करते. पण स्लॅशसारख्या रुंद बॉडीच्या ट्रकांना दुसरा त्रास आहे. उडीत बॉडीखाली हवा भरते आणि गाडी छत्रीगत मागे तरंगते. म्हणून पिटमध्ये कुणी ना कुणी रंगवलेल्या बॉडीला गोल भोकं पाडत बसलेलं असतं.

आता अडचणी. पहिली उष्णतेची. प्रत्येक धावेनंतर सांगलीकर इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरवर धरतात. सत्तर अंशांच्या वर गेलं तर पिनियनचा एक दात कमी. रोटरमधलं निओडिमियमचं चुंबक फार तापलं तर त्याचा जोर कायमचा उतरतो आणि मोटर बाहेरून नवीच दिसत राहते. वेगासाठी दात वाढवणारे नवखे याच वाटेने महिन्याला एक मोटर जाळतात.

दुसरी बॅटरीची. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टपर्यंत भरायचा, तीनच्या खाली कधीच जाऊ द्यायचा नाही, आठवडाभर ठेवायचा असेल तर 3.8 वर. फुगलेला किंवा आदळलेला पॅक पेट घेऊ शकतो. त्यांच्या गॅरेजमध्ये चार्जिंग लष्करी दारूगोळ्याच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत चालतं. झाकणाचं रबर काढून टाकलेलं, आत वायू कोंडू नये म्हणून. घरात बॅटरी आणायची नाही, हा बायकोने घातलेला नियम आहे. विमानात सुटी लिथियम बॅटरी सामानात देता येत नाही, हातात शंभर वॅट-तासांपर्यंत चालते. चार सेलांचा पाच हजार मिलिअँपिअर-तासांचा पॅक चौऱ्याहत्तरचा, तो बसतो; सहा सेलांचा एकशे अकराचा, त्याला एअरलाइनची परवानगी लागते. दुसऱ्या शहरातल्या शर्यतीसाठी ट्रकच्या आधी बॅटरीचं तिकीट बघावं लागतं, असं ते म्हणतात.

तिसरी अडचण बाजाराची, आणि मला काळजी वाटते ती हिची. रूपांतर यशस्वी झालं, त्यानेच त्याची गरज संपवली. किट विकणारी टेक्नो आता स्वतःच्या विजेवरच्या बग्ग्या आणि ट्रक बनवते. मोटरसाठीच आखलेली चेसिस, बॅटरीची नेमकी जागा, जाड दांडे, सगळं तयार. बारा वर्षांचा मुलगा असा ट्रक विकत घेतो आणि पहिल्याच दिवशी सांगलीकरांना मागे टाकतो. त्यांना त्याचं दुःख नाही. मुलाचा स्पर गेला की तो वडिलांना घेऊन यांच्याच टेबलावर येतो, तेव्हा ते आधी कागदाची पट्टी काढायला लावतात आणि दात त्यालाच बसवू देतात.

खरी पंचाईत सुट्या भागांची आहे. ज्या नायट्रो ट्रकांवर हे प्रयोग झाले, त्यांचे कारखाने पुढच्या मॉडेलांकडे वळलेत. मोटरच्या धक्क्याने ज्यांचे दात शेवटी उडतात, ते डिफरन्शिअलचे गिअर आता दुकानात मिळत नाहीत. सांगलीकरांनी त्याच जातीचे आणखी बंद ट्रक गोळा करून ठेवलेत, केवळ आतल्या गिअरांसाठी. ते संपले की बाहेरून लेथवर करून घ्यायचे, तर एका जोडीच्या पैशांत नवा ट्रक येतो. हे त्यांनी मला आकडेमोड करून दाखवलं आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला पुढच्या ट्रकच्या मोटर माउंटचं रेखाटन काढायला घेतलं.