साउंडबारचा रिव्ह्यू पाहताना

शेजारचा मुलगा परवा मोबाइल घेऊन आला. "काका, हा साउंडबार घेऊ ना? रिव्ह्यू जबरदस्त आहे." व्हिडिओखालचं वर्णन उघडलं. अगदी तळाशी लिहिलं होतं: वस्तू कंपनीकडून मिळालेली, लिंकवरून खरेदी झाल्यास कमिशन.

दीपनगरच्या आमच्या वसाहतीत बरेच जण असंच बघून ऑनलाइन मागवतात, म्हणून लिहितोय.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जाहिरातींबाबतचे नियम 2022 चे. जानेवारी 2023 मध्ये सरकारने इन्फ्लुएन्सरसाठी वेगळी मार्गदर्शिकाही काढली. पैसेच नव्हे, फुकट वस्तू, सवलत, प्रवास हेही उघड सांगायचं. व्हिडिओत ते दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे, तेही व्हिडिओच्याच भाषेत. नुसतं खाली लिहून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड आहे.

पण पैसे न घेणाऱ्याचेही कान फसतात! 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव या ध्वनिसंशोधकांनी तेच स्पीकर एकदा दाखवून, एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. ऐकणाऱ्यांची पसंती बदलली. शिवाय थोडा मोठा वाजणारा स्पीकर आपल्याला चांगलाच वाटतो. म्हणून दोन स्पीकरचा आवाज समान पातळीवर आणून तुलना करणाऱ्यावर माझा जास्त विश्वास. आणि व्हिडिओतला आवाज शेवटी तुमच्याच मोबाइलच्या स्पीकरमधून येतो, हे विसरू नका.

शक्य असेल तर भुसावळ किंवा जळगावच्या दुकानात आपलं नेहमीचं गाणं लावून ऐका. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

कुणी काही घेणार असाल तर बिनधास्त विचारा, व्हिडिओ मिळून बघू.