पेणची माती, रोह्याचा दोस्त

फिरायला जायचं म्हटलं की आपण आधी ठिकाणांची यादी करतो. सकाळी हे, दुपारी ते, संध्याकाळी सूर्यास्त. घरी परततो तेव्हा फोटो भरपूर असतात, पण कुणाशी चार शब्द धड बोललेलो नसतो. मला सांगायचं आहे ते एका रिकाम्या दिवसाबद्दल. त्या दिवशी कामं दोनच होती. पेणला एक गणपती सांगायचा आणि रोह्याला दोस्ताकडे जेवायचं.

गाडी माझ्या एका मित्राची. निवृत्तीनंतर त्यानं जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीटवर गादी टाकली, पाण्याचा कॅन आणि दोन घडीच्या खुर्च्या ठेवल्या. परदेशात चाकांवरच्या घरांतून लोक महिनोन्‌महिने हिंडतात. आपल्या राज्य सरकारनंही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्या व्हॅनला एवढं मोठं नाव शोभायचं नाही. पण कर्नाळा मागं टाकून खारपाड्याचा पूल ओलांडला आणि सावलीला खुर्च्या मांडून थर्मासमधला चहा ओतला, तेव्हा आपण घरीच बसलो आहोत असं वाटलं.

पेणला लोक श्रावण-भाद्रपदात गर्दी करतात. मी म्हणेन, दिवाळीनंतर जा. पेण शहरात आणि आसपासच्या हमरापूर, जोहे अशा गावांत मूर्तींचे कारखाने वर्षभर चालतात. इकडे विसर्जन होतं आणि तिकडे पुढच्या वर्षाची माती भिजते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीनं जातात, म्हणून त्या काही महिने आधीच तयार व्हाव्या लागतात. कितीतरी मूर्ती इथून रंग न देताच दुसऱ्या गावी जातात आणि तिथले कारागीर त्या रंगवतात. दिवाळीनंतर कारागिराला बोलायला फुरसत असते. बाजारात वस्तू दिसते. ती कशी घडते ते पाहायचं तर असं अवेळी जावं लागतं.

शाडूची माती गुजरातेतून येते. ती भिजवून, मळून, लोण्यासारखी मऊ करून साच्यात हातानं दाबत बसवायची. साचा उघडला की सांधे बुजवायचे, हात-सोंड जोडायची, ओल्या ब्रशानं अंग गुळगुळीत करायचं. मग सावलीत वाळवायचं. उन्हात घाई केली तर तडे जातात. प्लॅस्टर ऑफ पॅरिस मात्र काही मिनिटांत घट्ट होतं. ते हलकं, मजबूत आणि स्वस्त, म्हणून धंदा त्याच्याकडे वळला. पण ते पाण्यात शाडूसारखं विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० साली त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशा मूर्ती घडवायला आणि विकायला वाट मोकळी केली, नदी-समुद्रातल्या विसर्जनाला मात्र सरसकट मोकळीक दिली नाही. या सगळ्या वर्षांत कारागिराच्या डोक्यावर एकच प्रश्न होता : आज साच्यात ओततोय ते उद्या विकता येईल का?

आम्ही ज्यांच्याकडे जातो ते काका सत्तरीच्या पुढचे. पेणचं नाव झालं ते डोळ्यांच्या आखणीमुळे. अंगाचा रंग, पीतांबर, दागिने सगळं उरकल्यावर शेवटी बारीक ब्रशानं डोळे आखायचे. रेघ केसभर हलली तर चेहरा रागीट दिसतो, नाहीतर झोपाळू. रोह्याच्या दोस्ताच्या घरी तीस वर्षं काकांच्याच हातचे डोळे येतात. दोस्ताचे गुडघे गेले, तेव्हापासून मूर्ती सांगायला मी जातो. माझ्यासारख्या मुसलमानानं गणपती सांगावा याचं ना पेणला नवल, ना रोह्याला.

‘‘या कविराज,’’ काका म्हणाले. मग जरा थांबून, ‘‘दोस्ताला सांगा, या खेपेला आखणी सूनबाई करील. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि हातही कापतो.’’

सूनबाई समोरच होती. तिनं एका जुन्या मूर्तीवर आखून दाखवलं. रेघ ओढताना तिनं श्वास रोखला, आणि काकांनीही. मला कविता शेवटच्या ओळीशी अडते तेव्हाचं माझं बसणं आठवलं. मूर्ती सांगितली. पेणचे पोहे आणि पापड बांधून घेतले. पण वाटेत वडखळ गेलं, नागोठणं गेलं, भिसे खिंडीची वळणं गेली. आम्ही दोघं गप्प. दोस्ताला ही गोष्ट सांगायची कशी?

रोह्यात जेवण वाट पाहत होतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि वहिनींचा आग्रह. जेवणानंतर दोस्ताला गाडीत बसवलं आणि कुंडलिकेच्या काठी नेलं. खुर्च्या मांडल्या. नदी संथ होती, आम्हालाही कुठं जायचं नव्हतं. तेव्हा सांगितलं.

तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘काकांचं ऑपरेशन कधी आहे? आणि सूनबाईला सांग, आमच्या मूर्तीला घाई करू नकोस. पहिलं वर्ष आहे तिचं.’’

मूर्तीबद्दल त्यानं दुसरं काही विचारलं नाही. हेच निरोपाचं बोलणं फोनवर दोन मिनिटांत उरकलं असतं. पण तो नदीकाठचा थोडा वेळ त्याला मिळाला नसता, आणि मलाही.

तुम्हीही एखादा दिवस असा काढा. व्हॅन नसेल तर दिवा-रोहा गाडी आहे. पेण आणि रोहा, दोन्ही स्टेशनं तिच्याच वाटेवर. यादी करू नका. कारागिराकडे खरेदीच्या गर्दीत जाऊ नका, आणि दोस्ताकडे घड्याळ बघत बसू नका. त्या संध्याकाळी परतताना मी काकांना फोन लावला आणि दोस्ताचा निरोप दिला. पलीकडून काकांचा आवाज आला, ‘‘थांबा, तिलाच देतो फोन. तुम्हीच सांगा.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)