झाडं सांगतात भरतीची रेषा

ऐरोलीच्या खाडीकाठी भरतीचं पाणी कुठवर येतं, हे झाडांवरून ओळखता येतं. रोज बुडणाऱ्या चिखलात तिवर उभी असते. तिची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी वर येतात, जादा मीठ पानांवाटे बाहेर पडतं. सोबतीला काटेरी पानांची मारांडी.

जरा वर, जिथे फक्त मोठ्या उधाणाचं पाणी पोचतं, तिथे मीठ सोसणाऱ्या बुटक्या, मांसल पानांच्या वनस्पती. आणि गोडं पाणी साचलं, की पाणकणीस.

एकत्र वाढणाऱ्या प्रजातींचा गट, त्याला जोडून क्षारता, पाणी आणि मातीची नोंद: पाणथळ वनस्पतींचं वर्गीकरण असंच होतं. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८च्या भारतीय वनवर्गीकरणात भरतीच्या दलदली जंगलांचा वेगळा उपगट आहे. ऐरोली जिच्या काठी आहे, ती ठाणे खाडी २०२२मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली.